गाळ अडवायचा तर पाण्याला वळसे द्या

विहीर पुनर्भरण हा शब्द आता गावोगावी पोचला आहे. वावरातले पावसाचे पाणी ओढ्याला जाऊ देण्याऐवजी गाळून विहिरीत सोडायचे, एवढाच त्याचा अर्थ. सिन्नर, येवला, चांदवड अशा कमी पावसाच्या भागात त्याची गरज मी सांगायला नको. पण गाळण नीट नसेल तर विहीर पाण्याने भरण्याऐवजी गाळाने भरते. ही चूक माझ्याच सल्ल्याने झाली आहे, म्हणून लिहितो.

काही वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यातील एका शेतकऱ्याला मी विहिरीजवळ हौद बांधायला सांगितले. १० फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल. एका टोकाने पाणी आत यायचे, दुसऱ्या टोकाच्या तळातल्या पाइपाने विहिरीत जायचे. पहिल्या मोठ्या पावसानंतर गेलो, तर घरच्या वहिनी काठावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, हौदात गाळ ओंजळभर आणि विहिरीत पाटीभर. आता आत उतरायचं कुणी?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर सापडले नाशिकला, बहिणीच्या घरी. भाच्याला मासे पाळायचा नाद आहे. त्याच्या काचपेटीखाली आणखी एक लहान पेटी होती. तिला ते लोक 'संप' म्हणतात. काम बंद ठेवणारा नव्हे, चोवीस तास राबणारा! तिच्यात काचेच्या तीन पडद्या होत्या. वरचे घाण पाणी एका पडदीवरून, दुसरीच्या खालून, पुन्हा तिसरीवरून जाई. शेवटच्या कप्प्यातले स्वच्छ पाणी पंप वर चढवी. भाचा म्हणाला, "मामा, नुसती पेटी मोठी असून भागत नाही. पाणी सरळ वाटेनं निघून जातं. वर-खाली फिरवलं की ते दमतं."

आमच्या हौदात पाणी दमतच नव्हते! जुना हौद न मोडता त्यातच बदल केला, तो असा :

१. आत येण्याच्या टोकापासून ३ फुटांवर २ फूट उंचीची विटांची पडदी. जाड वाळू व खडे याच कप्प्यात बसतात.

२. ५ फुटांवर उभी फरशी. ती दोन्ही भिंतींत रुतवून वर हौदाच्या काठापर्यंत न्यावी. खाली तळापासून १ फूट वाट मोकळी ठेवावी. तरंगणारा पालापाचोळा हिच्यामागे अडतो.

३. ७ फुटांवर ३ फूट उंचीची दुसरी पडदी.

४. उरलेल्या ३ फुटांत गाळण : तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, सर्वांत वर वाळू, प्रत्येक थर ९ इंचांचा. पाणी पडते तिथे वाळूवर एक चपटा दगड ठेवावा. विहिरीकडचा पाइप तळातून काढून तोंडाला जाळी बांधावी.

५. पहिल्या कप्प्यात साडेतीन फुटांवर सांडवा काढून ओढ्याकडे सोडावा. एका एकरावर १ इंच पाऊस म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी. जास्तीच्या पाण्याला वाट हवीच.

यातही एकदा ठेच लागली. फरशीखालची वाट आम्ही प्रथम ४ इंचच ठेवली. अरुंद वाटेने पाण्याला जोर आला आणि बसलेला गाळ पुन्हा ढवळला. वाट फूटभर केली तेव्हा पाणी शांत झाले.

आता या हौदाची मर्यादाही सांगतो. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडलेल्या नियमानुसार कण दहापट बारीक झाला की तो शंभरपट हळू खाली बसतो. बारीक वाळू १ मीटर पाण्यात दोन-तीन मिनिटांत तळाला जाते. काळ्या मातीच्या अति बारीक कणाला स्थिर पाण्यातही तीन दिवस लागतात. तो कण हौदात बसणार नाही; वाळूचा थर त्यातला काही भाग अडवील, सगळा नाही. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी बाहेरच सोडावे आणि बांधावर गवत राखावे. माती वावरातच थांबली तर हौदाचे निम्मे काम हलके होते.

गोठ्याचे पाणी आणि औषध फवारलेल्या द्राक्षबागेचे पाणी या हौदात कधीही घेऊ नये. विहीर पिण्याची असेल तर ही गोष्ट घरातल्या सर्वांना बजावून ठेवावी. पोरेबाळे अंगणात खेळतात, तेव्हा हौदावर मजबूत जाळीचे झाकण हवेच.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर पहिल्या दोन कप्प्यांतला गाळ उपसावा. वरची वाळू दरवर्षी काढून धुवावी. ही दोन कामे टाळली, तर पडद्या असून नसल्यासारख्या.

त्या वस्तीवर पुढच्या पावसाळ्यात गेलो, तेव्हा वहिनी हौदातून गाळाच्या पाट्या काढून मुलाकडे देत होत्या, आणि मुलगा त्या वावरात नेऊन टाकत होता. मला पाहून म्हणाल्या, "साहेब, औंदा विहिरीत कुणी उतरलं नाही."

मृग लागण्याआधी एक दिवस काढा आणि आपला हौद पाहून घ्या. पाणी सरळ वाटेने जात असेल, तर त्याला वळसा द्या.