डोक्यातली छोटी पाटी

रविवारची संध्याकाळ. खेळून घरी आलात, हातपाय धुतलेत आणि एकाएकी आठवले, की उद्यापासूनचा आठवडा फारच जड आहे! मंगळवारी गणिताची चाचणी, बुधवारी विज्ञानाची प्रयोगवही तपासायला द्यायची, गुरुवारी मावशीकडे साखरपुडा, शुक्रवारी निबंध आणि शनिवारी स्नेहसंमेलनातील नाटकाची रंगीत तालीम. गणित उघडावे तर प्रयोगवही आठवते. प्रयोगवही घ्यावी तर नाटकातले संवाद आठवतात. अर्धा तास जातो, पण काम एकही होत नाही. छातीत धडधडू लागते. ‘मला हे जमणारच नाही’ असे वाटून डोळ्यांत पाणीही येते.

मित्रांनो, असे झाले म्हणजे आपण आळशी किंवा भित्रे आहोत असे समजू नका. आपल्या मेंदूची कामाची पद्धतच याला कारण आहे. ती कशी, हे एका प्रयोगाने पाहू.

तुमच्या भावाला किंवा बहिणीला ४, ९, १, ७, ३ हे आकडे एकदाच सावकाश वाचायला सांगा आणि लगेच ते त्याच क्रमाने म्हणून दाखवा. सोपे आहे, नाही का? आता ८, २, ६, १, ५ ही दुसरी रांग ऐका. ती ध्यानात ठेवूनच ४७ गुणिले ६ किती, हे कागदाशिवाय सांगा आणि मग रांग म्हणा. बहुतेकांचा गुणाकार तरी चुकतो (उत्तर २८२ आहे), नाही तर रांग तरी विस्कटते.

असे का होते? विचार करताना लागणारी माहिती मेंदू काही क्षण हाताशी धरून ठेवतो. या शक्तीला ‘कार्यस्मृती’ म्हणतात. ही जणू डोक्यातली पाटी. पण ती फार लहान असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखवले, की माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी ध्यानात धरू शकतो. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी त्याहून कमी, म्हणजे सुमारे चार, हा आकडा मांडला. मनातल्या मनात घोकण्याची किंवा गट पाडण्याची युक्ती वापरू दिली नाही, तर पाटी एवढीच उरते. काळजी करायलाही हीच पाटी लागते! आठवड्याची पाच कामे तिच्यावर गर्दी करून बसली, तर गणिताला जागा उरणार कोठून?

पण ही कामे पाटीवरून पुसली का जात नाहीत? या प्रश्नाचा मागोवा ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिनमध्ये घेतला. तिने लोकांना कोडी, आकडेमोड अशी छोटी छोटी कामे दिली आणि त्यांतली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारले, तेव्हा अर्धवट राहिलेली कामे लोकांना अधिक आठवली. हे तिने १९२७ साली प्रसिद्ध केले. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा प्रत्येक वेळी तसेच उत्तर आले नाही. मात्र अर्धवट काम पुन्हा हाती घेण्याची ओढ माणसाला असते, ही गोष्ट बरीच पक्की ठरली.

मग काय, सगळी कामे संपेपर्यंत मनाला स्वस्थता नाहीच? तसे नाही. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकन संशोधकांना एक गमतीची गोष्ट आढळली. काम अपुरे असले, की वाचन करतानाही त्याचे विचार मध्येमध्ये डोकावत. पण ते काम केव्हा, कोठे आणि कसे करायचे याची नेमकी योजना ज्यांनी केली, त्यांना हा त्रास फारसा झाला नाही. काम तर अजून झालेच नव्हते! ठरले एवढ्यानेच मनाने पाटी मोकळी केली.

म्हणून रविवारी संध्याकाळी एक कोरा कागद घ्या. डोक्यात असेल ते प्रत्येक काम त्यावर उतरवा. लहान-मोठे, क्रम, काही पाहू नका. नंतर प्रत्येकापुढे वार, वेळ आणि पहिली पायरी लिहा. ‘गणित करणे’ असे मोघम नको. ‘सोमवारी सहा वाजता, अपूर्णांकांची पहिली दहा उदाहरणे’ असे लिहा. जे या आठवड्यात झाले नाही तरी चालेल, ते पुढच्या आठवड्यावर टाका.

वेळ ठरवताना मात्र सावध राहा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध केव्हा पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस! तेव्हा तासाभराचे वाटणाऱ्या कामाला दीड तास द्या आणि एखादी संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेवा.

हा कागद झोपण्यापूर्वी लिहिला तरी चालतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना रात्री पाच मिनिटे लिहायला सांगितले. काहींनी पुरी झालेली कामे लिहिली, काहींनी पुढे करायची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला.

आणि ती छातीतली धडधड? संकट दिसताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलीन हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली हे विस्ताराने मांडले. वाघ आणि चाचणी यांतला फरक शरीराला नीटसा कळत नाही, एवढेच! मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवा आणि सावकाश, लांब श्वास सोडा. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, हे तुमचे तुम्हालाच जाणवेल. असे पाच-सहा वेळा केले, की धडधड ओसरू लागते.

एवढे करूनही कित्येक दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर ते मनात ठेवू नका. आई-बाबांना किंवा आवडत्या शिक्षकांना सांगा. सांगणे म्हणजेही डोक्यातला भार खाली ठेवणेच आहे.

कागद लिहून झाला, की भिंतीवर लावा आणि पहिल्या ओळीतले काम तेवढे हाती घ्या. आठवडा तेवढाच जड आहे. पण तो आता कागदावर आहे, आणि डोक्यातली छोटी पाटी गणितासाठी मोकळी आहे.