पुडीतले मीठ

आमच्या रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात मीठ कधी लपून बसले नाही. खारातल्या कैऱ्या, खारवलेला बांगडा, फणसाचे खारे गरे! नावातच 'खार' असल्यावर पानात बेताने वाढायचे, हे नव्या सुनेलाही सांगावे लागत नसे.

मिठाशी इथल्या माणसांचे नाते तसे जुनेच. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा ते गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. त्या वेळी मिठावर कर आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आज मीठ स्वस्त आहे. पण पोटात किती जाते, ते मात्र शिकल्यासवरल्यांनाही ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "मीठ निम्मे करा." आम्ही लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली, आमटीतले मीठही कमी केले. मग एके दिवशी मी चष्मा लावून बाजारातून आलेल्या पुड्यांची वेष्टने वाचायला बसले. पावात मीठ, सूपच्या पुडीत मीठ, आणि गोड बिस्किटांतसुद्धा! कुठे ते खायच्या सोड्याच्या रूपाने आलेले, कुठे सोडियम बेन्झोएटच्या. जिभेला खारट न लागणारे हे सोडियमही रक्तात पाणी धरून ठेवते आणि दाब वाढवते.

वेष्टनावर 'मीठ' असा आकडा बहुधा नसतो, 'सोडियम' असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा, १०० ग्रॅम पावात ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे मीठ झाले सव्वा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमांहून कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. जगाची सरासरी मात्र १०.८ ग्रॅम आहे. तेव्हा चार स्लाइस खाल्ल्या की दिवसाचा चौथा हिस्सा सकाळीच संपला!

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे जास्त मीठ घरच्या स्वयंपाकातूनच जाते. खरे आहे. पण घरचे मीठ आपल्या चिमटीत असते, पुडीतले कारखानदाराच्या. तिथे एकट्या गृहिणीने काय करावे? इंग्लंडमध्ये २००३ पासून सरकारने मीठ कमी करण्याची मोहीम चालवली आणि पुढे कारखानदारांना पदार्थवार उद्दिष्टे ठरवून दिली. पावातले मीठ इतके हळूहळू उतरले, की खाणाऱ्यांच्या जिभेला कळलेही नाही. लोकांची चोवीस तासांची लघवी तपासून हिशेबही ठेवला. २०११ पर्यंत माणशी मीठ सुमारे १५ टक्क्यांनी घटले होते. आपल्याकडे वेष्टनावर सोडियमचा आकडा छापणे बंधनकारक आहे, आणि तो ठळक व मोठ्या अक्षरांत असावा या प्रस्तावाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली. पण अक्षरे मोठी झाली म्हणून मीठ कमी होत नाही. कारखान्यातच ते उतरले पाहिजे, आणि उतरले की नाही हे कोणीतरी मोजले पाहिजे.

तोवर आपल्या हाती आहे ते करू या. दोन पुड्या शेजारी धरा, १०० ग्रॅमांचे आकडे ताडून पाहा आणि कमी सोडियमची पुडी घ्या. सैंधवाने काम भागेल या भ्रमात राहू नका. तेही बहुतांशी सोडियमच. पोटॅशियमयुक्त मीठ मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. आगळ, पापड करून विकणाऱ्या आमच्या बचतगटांतल्या बायांनाही माझे सांगणे आहे: आगळात मीठ लागतेच, पापडखारातही सोडियम असतेच, तेव्हा किती घातले ते वेष्टनावर ठळक लिहा. गिऱ्हाईक तुटणार नाही, उलट विश्वास वाढेल.

फराळाला तयार चिवड्याची, शेवेची पुडी आणायला मुलांना पाठवाल, तेव्हा किंमत वाचायला सांगताच; त्याबरोबर सोडियमचा आकडाही वाचायला सांगा. अडीचची पटी त्यांना तोंडपाठ येते.