फुलीच्या घरातले नियम
लेखांक ६ : कंटेनरमधील घातक वायूंचे विलगीकरण

समुद्रमार्गे जाणाऱ्या घातक मालाचे नियमन करणारी आयएमडीजी संहिता १९६५ साली केवळ शिफारस म्हणून स्वीकारली गेली होती. सागरी सुरक्षेच्या सोलास करारात झालेल्या दुरुस्तीमुळे १ जानेवारी २००४ पासून ती बंधनकारक झाली. घातक मालाचे नऊ वर्ग पाडणाऱ्या या संहितेत दुसरा वर्ग वायूंचा असून त्याचे तीन उपवर्ग आहेत. हायड्रोजन, ॲसिटिलीन, एलपीजी यांसारखे ज्वलनशील वायू २.१ मध्ये येतात, क्लोरीन आणि अमोनियासारखे विषारी वायू २.३ मध्ये येतात आणि जे ज्वलनशीलही नाहीत व विषारीही नाहीत, असे नायट्रोजन, आरगॉन, ऑक्सिजन हे २.२ मध्ये येतात. या तिसऱ्या गटाचे वर्णन नकारात्मक आहे, म्हणजे तो काय नाही एवढेच त्यातून कळते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ऑक्सिजनच्या बाबतीत हे वर्णन बरेच फसवे ठरते.

कोणता माल कोणत्या मालापासून किती दूर ठेवायचा, म्हणजेच विलगीकरण, याचे एक कोष्टक संहितेच्या सातव्या भागात दिलेले आहे. उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंना वर्ग मांडलेले असतात आणि ते जेथे छेदतात त्या घरात १ ते ४ यांपैकी एक अंक किंवा एक फुली असते. १ म्हणजे ‘पासून दूर’, २ म्हणजे ‘पासून वेगळे’, ३ म्हणजे मध्ये एक पूर्ण कप्पा किंवा होल्ड ठेवून वेगळे आणि ४ म्हणजे असा पूर्ण कप्पा जहाजाच्या लांबीच्या दिशेने मध्ये ठेवून वेगळे. ज्वलनशील वायूंच्या ओळीत डोकावले, तर तीव्र स्फोटकांसमोर ४, ज्वलनशील द्रवांसमोर २ आणि आम्लांसारख्या क्षरणकारी पदार्थांसमोर १ हे अंक दिसतात. मात्र वायूंच्याच तीन उपवर्गांची परस्परांशी गाठ जेथे पडते, त्या प्रत्येक घरात फुली आहे. घाईने वाचणाऱ्याला ती मोकळीक वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ एवढाच आहे की, या दोन वर्गांना सरसकट लागू होणारा नियम नाही आणि म्हणून त्या त्या पदार्थाची घातक माल सूचीतील स्वतंत्र नोंद पाहणे आवश्यक आहे. वायूंचे खरे विलगीकरण या फुलीच्या मागे सुरू होते.

क्लोरीनचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. संयुक्त राष्ट्रांच्या क्रमांकपद्धतीत १०१७ हा क्रमांक असलेला हा वायू २.३ मध्ये मोडत असला, तरी त्याला ५.१ म्हणजे ज्वलनाला बळ देणारा ऑक्सिडीकारक आणि ८ म्हणजे क्षरणकारी असे दोन दुय्यम धोके जोडलेले आहेत, आणि मुख्य व दुय्यम धोक्यांनुसार निघणाऱ्या अटींपैकी जी अधिक कडक असेल ती पाळावी, असा दंडक आहे. त्यामुळे ॲसिटिलीन आणि क्लोरीन एकाच जहाजावर आले की २.१ आणि २.३ यांच्या घरातली फुली बाजूला राहते, २.१ आणि ८ यांच्या घरातला १ हाही अपुरा ठरतो आणि २.१ आणि ५.१ यांच्या घरातला २ लागू होतो. शिवाय ॲसिटिलीन आणि हायड्रोजन यांच्या स्वतंत्र नोंदींतही क्लोरीनपासून वेगळे ठेवण्याची अट क्लोरीनचे नाव घेऊन घातलेली आहे. तिचे कारण रसायनशास्त्रात आहे: हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे मिश्रण सूर्यप्रकाशानेही स्फोट पावू शकते आणि ॲसिटिलीनशी क्लोरीनची प्रक्रिया तितकीच उग्र असते.

ऑक्सिजनचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. २.२ या वरकरणी निरुपद्रवी उपवर्गात नायट्रोजनच्या शेजारी बसलेल्या या वायूलाही ५.१ हा दुय्यम धोका आहे, कारण तो स्वतः जळत नसला तरी इतरांना जाळतो आणि दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये साधे तेल किंवा ग्रीसही पेट घेऊ शकते. म्हणून ऑक्सिजन आणि आरगॉन यांचे सिलिंडर एका कंटेनरमध्ये ठेवण्यास कोष्टकाची हरकत नाही, पण ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांचे ठेवता येत नाहीत. गॅस कटिंगच्या दुकानात हेच दोन सिलिंडर दिवसभर एका ट्रॉलीवर उभे असतात, हे खरे. मात्र तेथे माणूस जवळ असतो, व्हॉल्व्ह हाताशी असतो आणि हवा खेळती असते. बंद पोलादी पेटीत आठवडेच्या आठवडे हेलकावे खाणाऱ्या मालाला यांतले काहीच लाभत नाही, आणि हवेत साधारण अडीच टक्के मिसळले तरी ॲसिटिलीन स्फोटक्षम होते.

कोष्टकातला अंक जहाजावरच्या प्रत्यक्ष अंतरात उतरवण्यासाठी ‘कंटेनर-जागा’ हे माप वापरले जाते: जहाजाच्या लांबीच्या दिशेने किमान ६ मीटर किंवा रुंदीच्या दिशेने किमान २.४ मीटर, म्हणजे ढोबळमानाने वीस फुटी कंटेनर जेवढी जागा व्यापतो तेवढी. बंद कंटेनर २ या अंकाखाली आले, तर मध्ये डेक असल्याशिवाय ते एकाच उभ्या रांगेत वर-खाली रचता येत नाहीत आणि डेकवर दोन्ही दिशांना त्यांच्यामध्ये किमान एक कंटेनर-जागा सोडावी लागते. ४ या अंकाखाली हेच अंतर लांबीच्या दिशेने २४ मीटरपर्यंत जाते, आणि डेकखाली त्याच्या जोडीला बल्कहेड, म्हणजे जहाजाचे कप्पे पाडणारी पोलादी भिंत, मध्ये असणेही सक्तीचे होते.

१ या अंकाची गंमत वेगळीच आहे. ‘पासून दूर’ असे बजावणारा हा अंक दोन बंद कंटेनरांना लागू झाला की काहीच मागत नाही, आणि ते खेटून किंवा एकावर एक रचता येतात. पण तेच दोन पदार्थ एका कंटेनरमध्ये भरायचे झाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते, आणि भारतात हे काम मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाकडे आहे. विसंगत वाटणाऱ्या या व्यवस्थेमागचा विचार सरळ आहे: प्रत्येक कंटेनरची पोलादी भिंतच येथे अंतराचे काम करते, आणि ती काढून घेतली की परवानगीचा प्रश्न उभा राहतो. ताडपत्रीच्या छताचा कंटेनर याच कारणाने बंद मानला जात नाही.

विलगीकरणाखेरीज मालाच्या जागेचेही नियम आहेत. क्लोरीन आणि ॲसिटिलीन मालवाहू जहाजावर फक्त डेकवर ठेवता येतात, आणि डेकवरचे ज्वलनशील वायू ठिणगीच्या संभाव्य उगमांपासून, ज्यांत शीतकंटेनरची विजेवर चालणारी यंत्रणाही येते, किमान २.४ मीटर दूर असावे लागतात. रिकामे पण साफ न केलेले सिलिंडर परतीच्या प्रवासात भरलेल्यांइतकेच घातक मानले जातात, ही बाब निर्यातदार वारंवार विसरतात.

ही सारी रचना कागदावरच्या घोषणेवर उभी आहे. बंदरात मांडणीचा आराखडा करणारा माणूस सिलिंडर पाहत नाही. माल पाठवणाऱ्याने लिहिलेला वर्ग, दुय्यम धोका आणि क्रमांक एवढेच तो पाहतो, आणि क्लोरीनच्या घोषणेतून ५.१ आणि ८ हे दोन्ही अंक गळले तर त्याचे संगणकीय कोष्टक ॲसिटिलीनसमोर फुली दाखवून मोकळे होते. शिवाय धोकादायक वायू नेहमी वायू म्हणूनच प्रवास करतो, असेही नाही. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेल्या एमएससी एल्सा ३ या जहाजावर घातक मालाचे १३ कंटेनर होते आणि त्यांपैकी १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते. कोकणात आंबे पिकवण्याच्या बेकायदा वापरामुळे ठाऊक असलेला हा घन पदार्थ पाण्याशी संबंध आला की ॲसिटिलीन सोडतो; पण संहितेत त्याचा वर्ग ४.३ असल्याने वायूंचे नियम त्याला लागू होत नाहीत. पाण्याशी प्रक्रिया करून ज्वलनशील वायू सोडणाऱ्या या वर्गाचे विलगीकरण पुढील लेखांकात पाहू.