गळालेली मोसंबी आधी हातात घ्या
बागेतल्या शंका : भाग 7

श्रावण सरत आला की अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातल्या बागायतदारांचा प्रश्न ठरलेला असतो : "आंबे बहाराची फळं गळायला लागली, कोणतं औषध मारू?" काळजी रास्त आहे. 2012-13च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या किती बागा वाळून सरपण झाल्या, हे इथं कुणाला सांगायला नको. उन्हाळाभर विकतच्या पाण्यावर जगवलेल्या झाडाखाली तोडणीच्या तोंडावर फळांचा सडा दिसला की जीव तुटतो.

पण फळगळ हा काही एकच रोग नव्हे. तिची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून पंप खांद्यावर घेण्याआधी खाली पडलेली आठ-दहा फळं उचला, पुसा आणि उजेडात निरखून पाहा.

सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं बारीक भोक आहे, फळ दाबलं की त्यातून रस येतो, भोकाभोवतीची साल मऊ पडली आहे आणि कापल्यावर आत अळी मात्र नाही. असं असेल तर हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. हा पतंग चांगला मोठा असतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी आणि त्यांवर काळे पट्टे. दिवसा तो पालापाचोळ्यात दडून बसतो, म्हणून दिसतच नाही. दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन बागेत चक्कर मारा. फळात सोंड खुपसून बसलेला सापडेल. भोकातून बुरशी आत शिरते आणि काही दिवसांत फळ गळतं. असं टोचलेलं फळ क्रेटमध्ये गेलं तर शेजारच्या फळांनाही नासवतं.

खरी मेख पुढंच आहे. या पतंगाची अळी मोसंबीवर वाढत नाही. ती वाढते बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. म्हणजे झाडावर कितीही फवारण्या केल्या तरी बांधावरची पैदास चालूच राहते, आणि खर्च पाण्यात जातो. गुळवेल औषधी आहे, मान्य. पण मोसंबीच्या बांधावर ती नको. हवी असेल तर बागेपासून लांब, घराशी लावा. बांध साफ करा, संध्याकाळी सातनंतर बागेत कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करा. जोडीला आमिष ठेवा : 2 लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ, 20 मिलिलिटर मॅलेथिऑन आणि थोडा मोसंबीचा रस, रुंद तोंडाच्या बाटलीत, साधारण 25-30 झाडांमागे एक-दोन ठिकाणी. हे विष आहे. लेकरं आणि जनावरं तिकडं फिरकणार नाहीत याची खबरदारी घ्या.

फळ कापल्यावर आत पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती फळमाशी. तिच्यासाठी एकरी आठ-दहा मिथाइल युजेनॉलचे सापळे फांद्यांना टांगा. मात्र सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून सापळे लावून स्वस्थ बसू नका. गळालेली फळं रोज वेचून खड्ड्यात खोल पुरा. बांधावर फेकलेल्या फळातली अळी मातीत कोष करते आणि त्यातून पुन्हा माशीच बाहेर येते.

आणि भोकच नसेल, फळ देठाशी तपकिरी पडून गळालं असेल, तर किडीला दोष देऊ नका, पाण्याकडे पाहा. आधी पावसाचा मोठा खंड आणि मग एकदम झड, असं झालं की फळगळ वाढते. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं गुदमरतात, देठाला बुरशी लागते. दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेनं चर काढून पाणी बाहेर काढणं, हा इथला पहिला उपाय. तो न करता महागडी टॉनिकं ओतणं मला पटत नाही.

अंगणात लिंबाचं एखादंच झाड असलेल्यांची शंका वेगळी असते : कोवळी पानं रातोरात कोण खातं? पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर काडीनं हलकेच डिवचा. डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवी होते. एका झाडासाठी औषध कशाला? हातानं वेचा, झालं.

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर गळालेली चार फळं आणि पानांसकट एक डहाळी घेऊन बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. दुकानात शेवटी जा. पुढच्या आठवड्यात खोडावरचा डिंक्या आणि बोर्डो पेस्ट. त्याबद्दल विचारायचं असेल तर झाडाचं वय, जमीन कशी आहे आणि पाणी कसं देता, हे जरूर कळवा.