पैठणीचा रंग पाण्यात का विरघळतो? उत्तर रेणूच्या आकारात!

येवल्यात पैठणी विणण्याआधी रेशमाच्या लडी रंगाच्या गरम पाण्यात बुडवतात. हा रंग पाण्यात सहज विरघळतो, खोबरेल तेलात मात्र नाही. असे का? कारण पाण्याचा रेणू वाकडा आहे. आणि हा आकार कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही काढता येतो.

नियम काय आहे?
अणूच्या बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन जोड्यांनी राहतात. त्यांच्यावर ऋण प्रभार असल्याने या जोड्या एकमेकींना ढकलतात आणि शक्य तितक्या लांब बसतात. चार फुगे तोंडाशी एकत्र बांधून पाहा, तेही असेच चार दिशांना फाकतात. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये ही कल्पना मांडली. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये तिला नियमाचे रूप दिले.

आकार कसा काढायचा?
मधल्या अणूभोवतीच्या जोड्या मोजा. दुहेरी बंध एकच धरा. दोन असतील तर कोन १८० अंश, तीन असतील तर १२०, चार असतील तर १०९.५.

पाण्यात ऑक्सिजनचे सहा इलेक्ट्रॉन आणि दोन हायड्रोजनचे दोन, म्हणजे आठ. झाल्या चार जोड्या. त्यांपैकी दोन बंधात आहेत, दोन एकाकी. एकाकी जोडी जास्त जागा घेते, त्यामुळे बंध जवळ दाबले जातात. एकही एकाकी जोडी नसलेल्या मिथेनमध्ये कोन १०९.५ अंश, एक असलेल्या अमोनियात सुमारे १०७ आणि पाण्यात १०४.५.

मग रंगाचे काय?
वाकडेपणामुळे पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. रेशमासाठी वापरले जाणारे अनेक रासायनिक रंग क्षाररूपात असतात. त्यांच्या प्रभारित कणांना पाण्याचे रेणू वेढून घेतात आणि रंग विरघळतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ आहे. तिथे दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करते. पाणी तसे असते, तर रंगच काय, मीठही त्यात असे विरघळले नसते.

मर्यादा कोणती?
लोखंड, तांबे यांसारख्या धातूंच्या संयुगांत हा नियम अनेकदा चुकतो. मात्र अकरावीच्या विद्यार्थ्यांनी कोन पाठ करण्याऐवजी जोड्या मोजायची सवय लावली, तर पुस्तकात नसलेल्या रेणूचाही आकार सांगता येईल.