चाकातली चूल

जुलैची संध्याकाळ. फिल्मसिटीच्या बाजूने दिंडोशीचा उतार उतरून गाड्या पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे येताहेत. पावसाची मोठी सर नुकतीच येऊन गेली आहे. सिग्नल लाल होतो, एकामागून एक गाड्या थांबतात. आता शेजारच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे नीट बघा. चाकाच्या फटींतून वाफेची बारीक रेघ वर येताना दिसेल. रस्ता गार, हवा गार, पाणीही गारच. मग ही वाफ कुठली? चाकात चूल कुणी पेटवली?

ड्रायव्हरने. पायाने.

गाडी थांबली की आपण म्हणतो, वेग संपला. पण ऊर्जा कधी संपत नाही, ती फक्त रूप बदलते. हाताचे तळवे जोरात एकमेकांवर घासा, दोन सेकंदांत गरम होतात. ब्रेकही तेवढंच करतो: धावण्याची ऊर्जा घासून घासून उष्णतेत बदलतो. किती उष्णता? माणसांसकट 1200 किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरने धावते आहे असं धरा. तिला एकदा पूर्ण थांबवताना निघणारी उष्णता एक लिटर पाण्याला जवळजवळ उकळी आणायला पुरेशी असते. म्हणजे दहा कटिंगचं पाणी! गॅसवर त्याला काही मिनिटं लागतात. ब्रेक ते काम तीन-चार सेकंदांत उरकतो.

एवढी आग सोसणारी वस्तू सापडायला माणसाला वेळ लागला. 1888च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून माहेरी निघाली, नवऱ्याला न सांगता. शंभरेक किलोमीटरचा तो जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चर्मकाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनिंग लावण्याची कल्पना जन्मली ती अशी, चप्पल सांधणाऱ्या हातांतून! आज तुमच्या गाडीत असलेलं ब्रेक पॅड त्या चामड्याच्याच वंशातलं.

पण पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो कसा? जुन्या गाड्यांत तारा आणि सळया असत. एक जरा ताणली, दुसरी जरा सैल पडली की गाडी एका बाजूला ओढायची. आज तुमचा पाय आणि चाक यांच्यामध्ये असतं फक्त तेल, पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत कोंडलेलं. इंजेक्शनच्या दोन सिरिंज, एक बारकी आणि एक जाडी, नळीने जोडा आणि पाण्याने भरा. बारकी दाबा, जाडीचा दट्ट्या बाहेर येईल. सरकेल थोडासाच, पण जोर कितीतरी वाढलेला! कोंडलेल्या द्रवावर टाकलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलं. 1921मध्ये अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीची गाडी चारही चाकांना तेलावर चालणारे ब्रेक लावून रस्त्यावर आली. पास्कलच्या कल्पनेतही ही गाडी नसणार.

आता जोराची गंमत बघा. घाईत तुम्ही पेडलवर 20 किलोच्या वजनाइतका जोर देता. पेडल म्हणजे एक पहारच, ती हा जोर साधारण चौपट करते. पुढे असतो बूस्टर, मोठ्या थाळीसारखा डबा. पेट्रोलचं इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा या डब्याच्या एका बाजूची हवा काढली जाते. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि डब्याच्या मधल्या पडद्याला ढकलते. म्हणजे तुमच्या पायाबरोबर दिंडोशीवरचं सगळं आभाळ ब्रेक दाबत असतं! सिरिंजची युक्ती त्यानंतरची. शेवटी पुढच्या चाकांतले पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळतात ते टनाहून जास्त जोराने. म्हणूनच चालत्या गाडीचं इंजिन बंद करायचं नाही. डब्यातली पोकळी एक-दोन दाबांपुरती उरते, मग पेडल दगडासारखं कडक होतं.

आणि नळी फुटली तर? तेलाचे मार्ग दोन केलेले असतात. अनेक गाड्यांत ते तिरपे असतात: पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं एका मार्गावर, उरलेली दोन दुसऱ्यावर. एक मार्ग गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याने किती जीव वाचवले, मोजायचं कसं?

मात्र ब्रेक थांबवतो ते चाक. गाडीला थांबवतो टायर, आणि टायर रस्त्याला टेकतो फक्त तळहाताएवढ्या जागेत. चार तळहातांवर तुमचं सगळं कुटुंब! चाक फिरत राहून मंदावलं तर ते तळहात रस्ता धरून ठेवतात. चाक अडकून घसरू लागलं की पकड सुटते, स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. इथे एबीएस कामाला येतं. प्रत्येक चाकाचा वेग सेन्सर सतत मोजत असतो. एखादं चाक अडकायला आलं की तिथला दाब क्षणभर सोडायचा, पुन्हा धरायचा, सेकंदाला अनेकदा. निष्णात ड्रायव्हरलाही एकेका चाकाचा ब्रेक असा वेगळा सोडता येणार नाही. एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. एबीएस चालू झालं की पायाखाली टकटक जाणवेल. घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा. ती टकटक म्हणजे काम चाललंय.

तरी अंतराचं गणित कुणालाच चुकत नाही. कोरड्या रस्त्यावर ताशी 40 वरून थांबायला नऊ-दहा मीटर लागत असतील, तर 80 वरून 36 ते 40 मीटर लागतात. दुप्पट वेग, चौपट अंतर. शिवाय पाय ब्रेकवर पोचण्याच्या एका सेकंदात 80च्या वेगाने गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओला असेल तर अंतर आणखी वाढलं.

आता मुंबईच्या पावसाळ्याकडे वळू. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. जुलैत झाकण कितीही घट्ट लावा, मिठाला पाणी सुटतंच. ब्रेक ऑइलचा स्वभाव अगदी तसाच आहे, रबरी नळ्यांतून आणि झाकणातून ते हवेतला ओलावा हळूहळू शोषतं. हा दोष वाटतो ना? पण त्यात शहाणपण आहे. पाणी तेलात विरघळून सगळीकडे विखुरलं जातं. न विरघळता थेंब होऊन तळाला साचलं असतं तर तिथे गंज चढला असता. या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. ‘डॉट 3’ प्रतीचं ताजं तेल 205 अंशांच्या आत उकळत नाही. त्यात जेमतेम चार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा 140 पर्यंत उतरू शकतो.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हे कळत नाही. कळतं घाटात. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. तिचा सगळा भार ब्रेकवर टाकला तर निघणारी उष्णता अंघोळीच्या भरलेल्या बादलीला उकळी आणेल! डिस्क तापते, पॅड तापतं, आच तेलापर्यंत पोचते, मुरलेलं पाणी वाफ होतं. द्रव दबत नाही, म्हणून तर सिरिंजची युक्ती चालते. वाफ मात्र स्पंजसारखी दबते. पाय खाली जातो, पेडल तळाला टेकतं आणि चाकाला काहीच कळत नाही.

यावर उपाय ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी आहे. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. तेव्हा चाकं इंजिनला फिरवतात, इंजिन जवळजवळ बंद झालेल्या वाटेतून हवा ओढण्यात दमतं आणि गाडी रोखून धरतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तर हे नक्की सांगा: आजच्या गाड्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरत असताना इंजिनला इंधन देणंच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. सुरक्षितही गिअर आणि स्वस्तही गिअरच!

मग देखभाल कसली? चुलीची करतो तेवढीच. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, पावसाळ्याआधी जमलं तर उत्तम. मेकॅनिककडून नळ्यांतली हवा काढून घ्या. बॉनेट उघडून ऑइलची पातळी बघा. पातळी उतरली असेल तर नुसतं वरून ओतू नका. पॅड झिजलं की दट्ट्या पुढे सरकतो आणि तेल तिकडे जातं. म्हणजे उतरलेली पातळी पॅडची झीज सांगते, किंवा कुठेतरी गळती आहे हे तरी. नवं पॅड दहा-एक मिलिमीटर जाड असतं. तीनवर आलं की बदलायचं. अनेक पॅडमध्ये पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजलं की ती डिस्कला घासून किंचाळते. रेडिओ मोठा करून तो आवाज लपवू नका, तो तुमच्यासाठीच योजलेला आहे. पेडल मऊ लागलं, साध्या ब्रेकलाही थरथरलं किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, डिस्क स्वतःच्याच आचेवर वाळते. रात्रभर पावसात उभ्या गाडीचा सकाळचा खरखर आवाज बहुधा डिस्कवरच्या गंजाच्या पापुद्र्याचा असतो, पहिल्या काही ब्रेकांत तो पुसला जातो.

दिंडोशीला महामार्गावर मान वर करून बघा. डोक्यावरून मेट्रो जाते. स्टेशन आलं की तिच्या मोटारी उलट वागून वीज बनवू लागतात, आणि तिच्या वेगातला बराच भाग वीज होऊन परत जातो. इलेक्ट्रिक कारही तेच करते. खाली आपल्या पेट्रोल गाड्यांचा वेग मात्र चाकांतून हवेत विरतो.

आज घरी पोचल्यावर गाडी लावा आणि पुढच्या चाकाजवळ हात न्या, डिस्कला न शिवता. ऊब लागेल. महामार्गावर, उतारावर, सिग्नलला तुम्ही ज्या वेगातून सुखरूप बाहेर पडलात, तोच वेग आता तुमच्या तळहाताला लागतो आहे.