लांब इंग्रजी शब्दाची फोड

इंग्रजी वाचता वाचता एखादा भला लांब शब्द आडवा येतो आणि जीभ अडखळते. चारचौघांत वाचताना तर घाम फुटतो. मग आपण तो शब्द अर्धा गिळतो, नाहीतर सपाट सुरात म्हणून टाकतो, आणि ऐकणारा विचारतो, "काय म्हणालात?"

खरे म्हणजे लांब शब्दांची आपल्याला सवय आहे. 'अविस्मरणीय' पाहून कोणी घाबरत नाही. मध्ये 'स्मरण' दिसते. पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय. इंग्रजी शब्दही असेच जोडलेले असतात. 'थर्मामीटर' घ्या. 'उष्णता' आणि 'माप' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यात आहेत.

मात्र अर्थाची फोड आणि उच्चाराची फोड एकच नव्हे. 'अत्यंत' म्हणजे 'अति' अधिक 'अंत'. पण तोंडाने आपण 'अत्-यंत' म्हणतो. तसेच थर्मामीटरचे अर्थाने तुकडे दोन, उच्चारात चार : थर्-मॉ-मि-टर. आणि जोर 'मॉ'वर.

हा जोर, म्हणजे आघात, हीच खरी मेख. मराठीत आपण सारी अक्षरे साधारण सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एक अक्षर ठासून म्हणतात आणि शेजारची इतकी ढिली पडतात की त्यांचे स्वरही बदलतात. 'फोटोग्राफ'मध्ये आघात 'फो'वर. 'फोटोग्राफी' म्हटले की तो दुसऱ्या अक्षरावर जातो आणि उच्चार होतो 'फ-टॉ-ग्र-फी'. 'फोटोग्राफिक'मध्ये तो आणखी पुढे, 'ग्रॅ'वर सरकतो.

मग आघात शोधावा कसा? शब्दाचे शेपूट पाहा. शेवटी 'शन', 'इटी' किंवा 'इक' असेल, तर आघात बहुधा लगेच आधीच्या अक्षरावर पडतो. 'एज्युकेशन'मध्ये 'के'वर, 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'वर, 'म्युनिसिपॅलिटी'मध्ये 'पॅ'वर.

या शेवटच्या शब्दाची एक गंमत आहे. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आपल्या आज्या म्हणत, 'मुन्शिपाल्टी'. आपण हसायचो. पण नीट ऐका : सहा अक्षरांपैकी दोन दुबळी गळून पडली, आघाताचे 'पाल' मात्र शाबूत राहिले. पुस्तकाने जे आपल्याला सांगितले नाही, ते त्यांच्या कानांनी बिनचूक टिपले होते!

तेव्हा लांब शब्द भेटला की पेन्सिल घ्या. आधी अर्थाचे तुकडे पाडा, मग उच्चाराची अक्षरे मोजा, आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा. मग मोठ्याने म्हणा. तो शब्द पुन्हा आडवा येणार नाही.